जेनेटिक अल्गोरिदमने क्लस्टरिंग: उत्तर के-मीन्सपेक्षाही वाईट का येतंय?

पाऊसवही

नमस्कार. महाराष्ट्रातल्या ३०० ठिकाणांच्या पावसाच्या मासिक सरासऱ्या हाताशी आहेत. म्हणजे ३०० ओळी, १२ रकाने, सगळं मिलिमीटरमध्ये. पावसाचं प्रमाण आणि हंगाम सारखा असलेली ठिकाणं एका गटात यावीत, एवढंच काम आहे. के-मीन्स (प्रत्येक बिंदू जवळच्या गटमध्याला द्यायचा, मध्य पुन्हा काढायचे, असं स्थिर होईपर्यंत) दर रनला थोडे वेगळे गट देतं, म्हणून जेनेटिक अल्गोरिदमकडे (पिढ्यान्‌पिढ्या निवड, संकर आणि बदल करत चांगलं उत्तर शोधणाऱ्या पद्धतीकडे) वळलोय.

मांडणी अशी: क्रोमोसोममध्ये (म्हणजे एका उमेदवार उत्तरात) ३०० जीन, प्रत्येकात १ ते ५ पैकी एक गटक्रमांक. पॉप्युलेशन ५०, पिढ्या ५००. सिंगल पॉइंट क्रॉसओव्हर (दोन पालक एका जागी कापून जोडणं) ०.८, म्युटेशन (यादृच्छिक बदल) दर जीनला ०.०५, निवड रूलेट व्हीलने (फिटनेसच्या, म्हणजे उत्तराच्या गुणाच्या प्रमाणात संधी). फिटनेस = १ भागिले एसएसई (प्रत्येक बिंदूच्या आपल्या गटाच्या मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गांची बेरीज).

आलेख लवकरच आडवा होतो आणि एसएसई के-मीन्सच्या साध्या एका रनपेक्षाही जास्त राहते. पिढ्या वाढवून फरक पडत नाही. शिवाय ५ हा आकडा माझा आहे. गट किती हे अल्गोरिदमनेच शोधावं अशी इच्छा आहे. आणि आंबोली, महाबळेश्वरसारखी दोन-चार ठिकाणं स्वतःचाच वेगळा गट करून बसतात, त्यांचं काय करायचं?

सेंट्रॉइड_शोधक

गडबड क्रोमोसोमच्या मांडणीत आहे. गटक्रमांक ही फक्त नावं आहेत, पण तुमचा क्रॉसओव्हर त्यांना अर्थ असल्यासारखं वागवतो. ९ बिंदूंचं उदाहरण घ्या:

पालक अ: १ १ १ २ २ २ ३ ३ ३
पालक ब: २ २ २ ३ ३ ३ १ १ १

दोघांची विभागणी हुबेहूब एक आहे: पहिले तीन, मधले तीन, शेवटचे तीन. आता चौथ्या जागेनंतर कापून जोडा:

अपत्य: १ १ १ २ ३ ३ १ १ १

पहिला आणि शेवटचा गट एकत्र झाले, मधला फुटला. दोन्ही पालक निर्दोष असताना अपत्य बिघडलं. ५ गट असतील तर एकाच विभागणीची ५! = १२० रूपं पॉप्युलेशनमध्ये फिरत असतात, त्यामुळे क्रॉसओव्हर बहुतेक वेळा मोडतोडच करतो.

दुसरं म्हणजे म्युटेशन. ३०० जीनना ०.०५ म्हणजे दर अपत्यात सरासरी १५ ठिकाणं उचलून कुठेतरी टाकली जातात. (नवा क्रमांक जुन्याइतकाच निघाला तर थोडी कमी.) सुरुवातीला ते चालतं. उत्तर जवळ आल्यावर मात्र १५ पैकी जवळपास प्रत्येक बदल एसएसई वाढवतो. तुमचा आलेख जिथे आडवा होतो, तिथे निवडीने कमावलेलं म्युटेशन तेवढ्याच वेगाने घालवत असतं. म्हणून पिढ्या वाढवून उपयोग नाही.

तिसरं, रूलेट. एसएसई १००० आणि १०१० असलेल्या दोन क्रोमोसोमना निवडीची संधी जेमतेम १ टक्क्याने वेगळी मिळते. पुढच्या पिढ्यांत सगळेच इतके जवळ येतात की निवड नावापुरती उरते. टूर्नामेंट घ्या, २ किंवा ३ जणांची (यादृच्छिक उचललेल्यांतला सर्वोत्तम निवडायचा). तिथे फक्त क्रम लागतो, फरक किती हे लागत नाही.

उपाय: क्रोमोसोममध्ये सेंट्रॉइड (गटांचे मध्य) ठेवा. ५ गट × १२ रकाने = ६० दशांश संख्या. कोणता बिंदू कोणत्या गटात हे जवळच्या सेंट्रॉइडवरून ठरतं, ते साठवायची गरज नाही. उज्ज्वल मौलिक आणि संघमित्रा बंद्योपाध्याय यांनी २००० साली हीच मांडणी वापरली होती. त्यांचं म्युटेशन मात्र तसंच्या तसं उचलू नका. त्यात सेंट्रॉइडचा आकडा स्वतःच्याच काही पटीने वर-खाली होतो: जुना आकडा ± २ × (० ते १ मधली यादृच्छिक संख्या) × जुना आकडा. तुमचा डेटा प्रमाणित केलेला, म्हणजे सरासरी शून्य असेल, तर शून्याजवळचे आकडे जागचे हलतच नाहीत. त्याऐवजी रकान्याच्या प्रमाण विचलनाच्या ०.१ पट एवढा गॉसियन (घंटाकृती वितरणातला) धक्का द्या.

सेंट्रॉइड ठेवले तरी क्रमांकांचा गोंधळ पूर्ण मिटत नाही. अ चा पहिला सेंट्रॉइड कोकणात आणि ब चा पहिला विदर्भात असू शकतो. म्हणून क्रॉसओव्हरआधी जोड्या लावा: दोन्ही पालकांच्या सेंट्रॉइडमधल्या अंतरांची ५×५ सारणी करा आणि हंगेरियन पद्धतीने सर्वांत कमी एकूण अंतराची जुळणी काढा (पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या ऑप्टिमाइझ भागात ‘लिनिअर सम असाइनमेंट’ नावाचं तयार फंक्शन आहे). मग प्रत्येक जोडीतला एक नाणेफेकीने निवडा.

आणि प्रत्येक अपत्यावर के-मीन्स चालवा, स्थिर होईपर्यंत. हे सर्वांत महत्त्वाचं. जेनेटिक भागाने फक्त ‘कोणत्या खोऱ्यात उतरायचं’ हे शोधावं, तळाशी जाण्याचं काम के-मीन्स त्याच्याहून कितीतरी स्वस्तात करतं. कृष्णा आणि नरसिंह मूर्ती यांच्या १९९९ च्या जेनेटिक के-मीन्समध्ये तर क्रॉसओव्हर काढूनच टाकलाय, त्याच्या जागी के-मीन्सची एक पायरी आहे. त्यामुळे तुमच्यासारखीच गटक्रमांकांची मांडणी ठेवूनही त्यांचं जमतं.

एवढं केल्यावर पॉप्युलेशन २० पुरेल. एकसारखी एसएसई असलेले जुळे क्रोमोसोम दर पिढीला काढून टाका, नाहीतर दहा-बारा पिढ्यांत सगळे एकाच उत्तराच्या प्रती होतात. सर्वोत्तम एक न बदलता पुढे न्या.

लॉइडचा_लाडका

वरचं सगळं पटतं, पण त्याआधीचा प्रश्न: इथे जेनेटिक अल्गोरिदम लागतो का?

हिशोब बघा. ५० × ५०० = २५,००० वेळा फिटनेस मोजला जातो. एकदा फिटनेस मोजणं म्हणजे ३०० बिंदू, ५ गट, १२ रकाने. के-मीन्सच्या एका फेरीचा खर्चही साधारण तेवढाच. के-मीन्स १० ते २० फेऱ्यांत स्थिर होतं असं धरलं, तर तेवढ्याच वेळात के-मीन्सचे १,२५० ते २,५०० पूर्ण रन होतात. तुलना करायची तर याच्याशी करा: के-मीन्स प्लस-प्लसने सुरुवात (सुरुवातीचे मध्य एकमेकांपासून लांब पडण्याची संधी जास्त ठेवणारी निवड), १,००० रन, त्यातली सर्वांत कमी एसएसई. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत ‘एन इनिट’ (किती वेळा नव्याने सुरुवात करायची) १००० ठेवायचं, झालं. ५ गटांना यापेक्षा चांगलं उत्तर मिळण्याची शक्यता मला फार कमी दिसते.

आणि तुम्हाला फक्त वार्षिक एकूण पावसावरून गट पाडायचे असते, तर दोन्हींची गरज नव्हती. एकाच रकान्याच्या डेटासाठी डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने (छोट्या भागांची उत्तरं साठवत मोठं उत्तर काढून) अचूक उत्तर निघतं.

सेंट्रॉइड_शोधक

@लॉइडचा_लाडका, ५ गटांसाठी मान्य. गट वाढले की चित्र बदलतं, आणि का बदलतं ते मोजता येतं. समजा सारख्या आकाराचे, नीट वेगळे असे के गट आहेत आणि सुरुवातीचे के बिंदू आपण यादृच्छिक उचलतो. प्रत्येक गटातून बरोबर एक उचलला जाण्याची शक्यता के! भागिले के चा के वा घात. के ५ असेल तर ३.८४ टक्के, म्हणजे साधारण २६ रनमध्ये एकदा. के १० ला साधारण २,७५६ रनमध्ये एकदा. के २० ला ४ कोटी ३१ लाखांत एकदा. चुकीची सुरुवात के-मीन्स कधीकधी दुरुस्त करतं आणि प्लस-प्लसने शक्यता बरीच सुधारते, पण घसरणीची दिशा तीच राहते. प्रत्येक रन शून्यापासून सुरू होतो, आधीच्या रनने अर्धे गट बरोबर शोधले असतील तरी ते वाया जातात. क्रॉसओव्हर नेमकं ते वाचवतो.

यासाठी म्युटेशनही वेगळं ठेवा: एक सेंट्रॉइड यादृच्छिक काढायचा आणि तो एखाद्या डेटा बिंदूवर ठेवायचा, आहे त्या सेंट्रॉइडपासून लांबच्या बिंदूला जास्त संधी. के-मीन्स अडकतं ते बहुतेकदा दोन सेंट्रॉइड एका गटात आणि एक सेंट्रॉइड दोन गटांवर, अशा स्थितीत. तिथून बारीक धक्क्यांनी सुटका नाही, सेंट्रॉइड उचलून पलीकडेच न्यावा लागतो. ग्रिबेल आणि विदाल यांची २०१९ ची एचजी-मीन्स पद्धत याच तीन गोष्टींवर उभी आहे: जोड्या लावून क्रॉसओव्हर, काढून-पुन्हा-ठेवण्याचं म्युटेशन, आणि के-मीन्स.

कोड तपासायला आयरिसचा डेटा घ्या (तीन जातींची १५० फुलं, ४ मोजमापं, प्रमाणित न करता). ३ गटांना एसएसई ७८.८५ यायला हवी, गट ५०, ६२ आणि ३८ चे. ७८.९४ आली तर शेजारच्या खड्ड्यात आहात. १४२.७५ आली तर दोन सेंट्रॉइड सेटोसा जातीच्या फुलांकडे बसलेत आणि बाकी दोन जाती बहुतांश एका गटात आल्यात. तुमचं म्युटेशन त्या १४२.७५ मधून बाहेर काढतं का, ही चांगली परीक्षा आहे: मुद्दाम तिथून सुरुवात करून बघा.

घाटमाथा

अल्गोरिदमवर बरंच बोलून झालं. डेटाकडे कुणी बघितलंच नाही, आणि घाटातल्या ठिकाणांची अडचण तिथेच आहे.

मिलिमीटर तसेच ठेवले तर एसएसई घाट आणि कोकणच ठरवणार. माणदेशात वर्षाला ५०० मिमीच्या आसपास, घाटमाथ्यावर ५,००० च्या पुढे. ५०० आणि ७०० मधला फरक २००; ५०० आणि ५,००० मधला ४,५००. वर्ग केल्यावर दुसरा फरक पहिल्याच्या ५०६ पट होतो. शेतीच्या दृष्टीने ५०० आणि ७०० हा फरक प्रचंड आहे, पण अल्गोरिदमला तो दिसतच नाही. परिणाम असा की ५ पैकी ३ गट सह्याद्रीच्या पश्चिमेला जातात आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ एकाच पोत्यात. लॉगॅरिदम घेतलात तर तेच गुणोत्तर ५०६ वरून ४७ वर येतं.

म्हणून प्रमाण आणि हंगाम वेगळे करा. एक रकाना: वार्षिक एकूण पावसाचा लॉग. बाकीचे: वर्षाच्या पावसात त्या काळाचा वाटा. बारा महिने ठेवू नका. जानेवारी ते मार्च बहुतेक ठिकाणी काही मिलिमीटरच पाऊस असतो. हे रकाने झेड-स्कोअरने (सरासरी शून्य, प्रमाण विचलन एक असे) प्रमाणित केले की जुलैइतकंच वजन त्यांना मिळतं आणि गट निव्वळ गोंगाटावर पडतात. जानेवारी ते मे एक रकाना, मग जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर स्वतंत्र, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर एक. असे ६ वाटे, बेरीज १. प्रत्येक वाट्याचं वर्गमूळ घ्या, झेड-स्कोअर नको. वर्गमूळाने छोटे वाटे थोडे वर येतात, पण डोक्यावर बसत नाहीत.

हे वाटे खरंच बोलतात. सोलापूरकडे सप्टेंबर सर्वांत पावसाचा असतो, विदर्भाचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये. कोल्हापूर-सांगलीकडचे वळीव पहिल्या रकान्यात दिसतात.

आता ६ वाट्यांच्या रकान्यांचं एकूण व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) आणि लॉगच्या रकान्याचं व्हेरियन्स सारखं करा: दोन्ही भागांना आपापल्या एकूण व्हेरियन्सच्या वर्गमूळाने भागा. मग प्रमाणाला जास्त महत्त्व द्यायचं असेल तर लॉगला उघडपणे २ ने गुणा. हे वजन तुम्ही ठरवायचं. ठरवलं नाहीत तर एककं ठरवतात.

हवामान विभागाच्या कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ या चार उपविभागांशी गट जुळतात का, यावरून मात्र अल्गोरिदमला गुण देऊ नका. मध्य महाराष्ट्र या एकाच उपविभागात महाबळेश्वरही आहे आणि माणही; किंबहुना दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. चांगल्या गटवारीने ते वेगळे करायलाच हवेत.

पाऊसवही

खूप आभार, @घाटमाथा यांची वाट्यांची कल्पना लगेच घेतो. दोन गोष्टी राहिल्या. गटांची संख्या अल्गोरिदमला शोधायला लावायची तर फिटनेस कोणता? डेव्हिस-बोल्डिन (गटांचा पसारा भागिले गटांमधलं अंतर, यावरचा निर्देशांक) घालून पाहिला तर एकेका ठिकाणाचे गट पडायला लागले. आणि नकाशावर गट सलग हवे असतील तर?

सिल्हुएट

एसएसई चालणार नाही हे उघड आहे, कारण गट वाढवले की ती घटतच जाते. डेव्हिस-बोल्डिनमध्ये तुम्हाला दिसलं ते अपेक्षितच आहे: एकाच बिंदूच्या गटाचा पसारा शून्य, आणि तो बिंदू लांबचा असेल तर भाजक मोठा. निर्देशांक कमी म्हणजे चांगला, त्यामुळे आंबोली एकटी काढणं हा अल्गोरिदमला सर्वांत स्वस्त फायदा. शोध जितका ताकदवान, तितक्या अशा पळवाटा लवकर सापडतात.

सिल्हुएट घ्या (बिंदू आपल्या गटाच्या किती जवळ आणि शेजारच्या गटापासून किती लांब, याचा गुण). त्यात एकट्या बिंदूला शून्य गुण देण्याचा संकेत आहे, म्हणून ही पळवाट बरीचशी बंद होते. ३०० ठिकाणांच्या ४४,८५० जोड्या होतात. अंतरांची सारणी सुरुवातीला एकदाच काढून ठेवा, दर फिटनेसला पुन्हा मोजू नका. तरीही किमान आकाराची अट घाला, समजा ५ ठिकाणं. अट मोडणाऱ्या क्रोमोसोमला शिक्षा म्हणून फिटनेस शून्य करू नका, सुरुवातीच्या पिढ्यांत निम्मे असेच बाद होतील. दुरुस्ती करा: लहान गटाचा सेंट्रॉइड बंद करून त्याची ठिकाणं जवळच्या गटांना वाटून द्या.

‘बंद’ करण्यासाठी सोयीची मांडणी दास, अब्राहम आणि कोणार यांच्या २००८ च्या डिफरेन्शिअल इव्होल्यूशनमध्ये (जेनेटिक अल्गोरिदमसारखीच, दशांश संख्यांसाठीची पद्धत) आहे. कमाल १० गट धरा. क्रोमोसोममध्ये १० स्विच (० ते १ मधल्या संख्या) आणि १० सेंट्रॉइड. स्विच ०.५ च्या वर असेल तरच तो सेंट्रॉइड चालू. तुमच्या नव्या ७ रकान्यांसह १० + ७० = ८० संख्या. दोनपेक्षा कमी चालू असतील तर यादृच्छिक दोन चालू करा. इथे सांभाळा: बंद पडलेले सेंट्रॉइड पिढ्यान्‌पिढ्या कुठेतरी भरकटू शकतात आणि अचानक चालू झाल्यावर रिकामा गट देऊ शकतात.

पण निर्देशांकावर आंधळा विश्वास नको. आयरिसमध्ये ३ जाती आहेत, तरी सिल्हुएट २ गटांना ०.६८ देतो आणि ३ गटांना ०.५५. जगातला उत्तमोत्तम अल्गोरिदमही तिथे २ च म्हणेल. पावसाच्या डेटात हेच होईल: ‘सह्याद्रीच्या पश्चिमेला’ आणि ‘पूर्वेला’ असे २ गट जिंकतील. उत्तर बरोबर आहे, पण तुमच्या कामाचं नाही. म्हणून किमान ४ गटांची अट घाला, किंवा गटसंख्येनुसार प्रत्येकाचं सर्वोत्तम उत्तर साठवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

सलग गटांसाठी मांडणीच बदला. ३०० जीन, पण जीनमध्ये गटक्रमांक नाही, तर शेजाऱ्याचा क्रमांक: आठव्या जीनमध्ये १२ असेल तर ठिकाण ८ आणि १२ जोडलेले. सगळे दुवे जोडून जे सुटे तुकडे उरतील ते गट. किती गट हे आपोआप निघतं, गटक्रमांकच नसल्यामुळे वरची १२० रूपांची भानगड राहत नाही, आणि साधा युनिफॉर्म क्रॉसओव्हर (प्रत्येक जीन नाणेफेकीने एका पालकाकडून) चालतो. हॅन्डल आणि नोल्स यांच्या मॉक या पद्धतीतली ही मांडणी आहे. तिथे शेजारी डेटातल्या अंतरावरून घेतात. तुम्ही नकाशावरून घ्या, ज्यांची सीमा त्या ठिकाणाच्या सीमेला लागते तीच ठिकाणं जीनमध्ये येऊ द्या. मग गट सलग पडण्यावाचून पर्याय राहत नाही.

सुरुवातीचं पॉप्युलेशन यादृच्छिक दुव्यांनी बनवू नका, जवळपास सगळेच क्रोमोसोम निरुपयोगी निघतात. शेजाऱ्यांच्या जाळ्यावर मिनिमम स्पॅनिंग ट्री, म्हणजे सगळी ठिकाणं कमीत कमी एकूण वजनात जोडणारं झाड, काढा (दुव्याचं वजन म्हणजे ७ रकान्यांतलं अंतर) आणि त्यातले वेगवेगळे लांब दुवे तोडून एकेक क्रोमोसोम तयार करा. तुटलेल्या ठिकाणी जीनमध्ये स्वतःचाच क्रमांक.

उद्दिष्टं दोन ठेवा: गटातला पसारा, आणि शेजारी वेगळ्या गटांत गेल्याचा दंड. पहिलं एकटं ठेवलं तर प्रत्येक ठिकाण स्वतःचा गट होतं, दुसरं एकटं ठेवलं तर सगळ्यांचा मिळून एक. दोन्ही मिळून एनएसजीए-टू (एकापेक्षा जास्त उद्दिष्टांसाठीचा जेनेटिक अल्गोरिदम) चालवलं की मधली तडजोडीची उत्तरं रांगेने मिळतात. पायथनच्या पायमू लायब्ररीत तो तयार आहे, पण मूळ म्युटेशन दशांश संख्यांसाठी असतं, ते बदलून ‘शेजाऱ्यांच्या यादीतून एक उचल’ असं स्वतः लिहावं लागेल.

घाटमाथा

सलग गटांत एक अडचण येईल. घाटमाथ्याची पट्टी अरुंद आहे, एखादं ठिकाण डेटात नसलं की पट्टी तुटते आणि गगनबावडा आणि महाबळेश्वर वेगळ्या गटांत जातात. शेजारी ठरवताना फक्त सीमा न बघता सर्वांत जवळची ६-८ ठिकाणंही जोडा.

शेवटी गट टिकाऊ आहेत का ते ठिकाणं वगळून तपासू नका, वर्षं बदलून तपासा. ३० वर्षांची सरासरी असेल तर त्या ३० वर्षांतून परत-टाकून ३० वर्षं उचला, नवी सरासरी काढा, पुन्हा गट पाडा, आणि मूळ गटांशी ॲडजस्टेड रँड निर्देशांक (दोन गटवाऱ्या किती जुळतात याचा आकडा) काढा. असं शंभरेक वेळा. कोणती ठिकाणं वारंवार गट बदलतात त्यांची यादी वेगळी ठेवा. कोरड्या पट्ट्याच्या कडेची ठिकाणं त्यात असण्याची दाट शक्यता आहे. नकाशावर त्यांना पक्का रंग देऊ नका, पट्टे मारा.

लॉइडचा_लाडका

@पाऊसवही, नवे ७ रकाने तयार झाले की आधी के-मीन्स प्लस-प्लसच्या १,००० रनची एसएसई इथे टाका, ४ ते १० गटांसाठी. त्या १,००० पैकी किती रन सर्वोत्तम उत्तरापर्यंत पोचले तेही मोजा. शंभरेक पोचत असतील तर सलगतेची अट सोडून बाकी कशासाठी जेनेटिक अल्गोरिदम लागणार नाही. एखाद-दुसराच पोचत असेल तर जोड्या लावून क्रॉसओव्हरचा कोड लिहायला घ्या.